बुडीत रेघेबाहेरची सहा घरं

दादा,

तुम्ही गेल्याला चाळीस वर्षांहून जास्त काळ झाला. तुम्ही पंचावन्नच्या आत गेलात आणि मी सत्तरी ओलांडली, म्हणजे आज मी तुमच्यापेक्षा वीस वर्षांनी मोठी आहे. कॉलेजातून निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली. गेल्या महिन्यात माझ्या जागेवर आलेल्या बाईंनी मला मुद्दाम बोलावून घेतलं. त्या कधीकाळी माझ्या विद्यार्थिनी होत्या. त्यांनी कॉम्प्युटरच्या पडद्यावर ठिपके टाकले, प्रत्येक ठिपक्याची उंची भरली, एक बटण दाबलं, आणि ठिपक्यांवर ओलं धोतर पसरावं तशी जमीन उभी राहिली. उंचवटे तपकिरी, खोलगट भाग निळे. "मॅडम, हीच रीत तुम्ही आम्हाला फळ्यावर शिकवायचात," त्या कौतुकानं म्हणाल्या. मी मान डोलावली, चहा घेतला आणि घरी आले. त्या दिवसापासून मला धड जेवण जात नाही. म्हणून लिहायला बसले आहे.

तेव्हा जालना जिल्हा झाला नव्हता, आपण औरंगाबाद जिल्ह्यातच होतो. नवीन जालन्यात स्टेशनच्या मागं दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहत होतो. तुम्ही सर्व्हेअर. निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकलात आणि धम्माची दीक्षा घेतल्यावर दोन-तीन वर्षांत नोकरीला लागलात. आपल्या नात्यात पॅन्ट घालून कामावर जाणारे तुम्ही पहिलेच. तुमची थोरली बहीण, माझी आत्या, केदारखेड्याच्या पलीकडं चार कोसांवर दिली होती. तिच्या गावी तुम्ही गेलात की बौद्धवाड्यातली म्हातारी माणसं उठून उभी राहायची, "मोजणीवाले साहेब आले" म्हणायची, आणि तुम्ही ओशाळून म्हणायचात, "साहेब कशाचा, अक्काचा भाऊ हाय मी." पण तुम्हाला ते आवडायचं. परत येताना एस.टी.त तुम्ही खिडकीशी ताठ बसलेले असायचात.

मी दहा वर्षांची असताना शहागडला तुमचं काम चालू होतं. दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही मला सोबत नेलंत. गोदावरीकडं जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला तिकाटण्यावर लेव्हल, उंची मोजायची दुर्बीण, उभी आहे, लांब तुमचा म्हातारा खलाशी, मोजणीतला हाताखालचा गडी, रंगीत आकड्यांची पट्टी धरून उभा आहे, आणि तुम्ही मला विचारता आहात, "सांग माय, रस्ता कोन्या अंगाला उतरतो?" मी नदीकडं हात करते. तुम्ही मला दगडावर उभं करता आणि माझा डोळा दुर्बिणीला लावता. आत सगळं उलटं आहे. खलाशी डोक्यावर उभा, त्याची पट्टी आभाळातून खाली लोंबते आहे. तुम्ही आकडा वाचायला शिकवता; आकडा मोठा आला तर जमीन खाली, लहान आला तर वर. आणि आकडा सांगतो की रस्ता नदीकडं उतरत नाही, थोडा चढतो. मला खरंच वाटेना. तुम्ही हसलात. "डोळा फसवतो माय. उताराच्या बाबतीत तर बिलकुल खोटा. डोळ्याचं ऐकू नको, आकड्याचं ऐक." या एका वाक्यामुळं मी गणिताकडं वळले असं मी पुढं सगळ्यांना सांगत आले. याच वाक्यानं मी तुमचा घात केला, हे मात्र कुणाला सांगितलं नाही.

बहात्तरचा दुष्काळ पडला तेव्हा मी औरंगाबादला गणितात एम. एस्सी. करून नुकतीच घरी आले होते. नोकरी मिळायची होती. घरात रेशनवरच्या मिलो ज्वारीची लाल भाकरी, जी तव्यावरून काढता काढता मोडायची, आणि तुम्ही महिना महिना बाहेर. लोकांच्या हाताला काम द्यायचं म्हणून जिथं तिथं तलावांचे बांध घालायचे ठरले होते आणि त्याआधी प्रत्येक जागेचा सर्व्हे हवा होता. आज इथं, चार दिवसांनी तिथं. अशात आत्याच्या गावचा तलाव तुमच्याकडं आला. तुम्हाला केवढा आनंद झाला होता. "अक्काच्या दारात पानी येतंय," तुम्ही आईला म्हणालात.

तलाव पूर्ण भरल्यावर पाणी कुठवर येईल ती रेघ नकाशावर काढायची असते. बुडीत रेघ. रेघेच्या आत ज्याचं घर येईल त्याला आधी दुसरी जागा देऊन हलवायचं आणि मगच बांध पुरा करायचा. ती रेघ काढायला जमिनीवर ठरावीक अंतरानं पट्टी उभी करत जायचं, प्रत्येक ठिकाणची उंची लेव्हल बुकात लिहायची. तुम्ही नाल्याचा तळ मोजलात, दोन्ही काठ मोजले, गावाकडचा उंचवटा मोजला, मोठ्या विहिरीपासचा भाग मोजला. बौद्धवाड्याचा तेवढा तुकडा राहिला आणि तुम्हाला तापानं गाठलं. आत्याच्याच घरी चार दिवस पडून होतात. मग तिच्या मालकांनी, ज्यांना आम्ही मामा म्हणायचो, बैलगाडीत घालून केदारखेड्यापर्यंत आणि तिथून एस.टी.नं घरी आणलं. मुदतीचा ताप निघाला. उठून बसवत नव्हतं, आणि तुमच्या डेप्युटी साहेबांचा निरोप आला की आठ दिवसांत नकाशा हवा, लोक कामाची वाट बघत आहेत.

"चार रोज जाऊ द्या," तुम्ही आलेल्या माणसाला म्हणालात. "गाडीत बसून जातो अन् तेवढा तुकडा उरकून येतो."

तो गेल्यावर मी तुमच्या खाटेशी बसले. मी म्हटलं, "दादा, जायची गरज न्हाई. तो तुकडा गणितानं भरता येतो."

तुम्ही डोळे मिटूनच विचारलंत, "कसा?"

मी उत्साहानं सांगत सुटले. ज्या जागेची उंची माहीत नाही, तिच्या भोवतालचे माहीत असलेले पॉइंट घ्यायचे. जवळच्याला जास्त वजन द्यायचं, लांबच्याला कमी. सगळ्यांची बेरीज करून वजनांच्या बेरजेनं भागायचं. की त्या जागेची उंची आली. असं चौकटी चौकटीनं करत गेलं की सगळा पृष्ठभाग तयार होतो.

तुम्ही ऐकलंत. मग म्हणालात, "म्हंजे शेजाऱ्यापाजाऱ्याला इचारून मानूस कसा हाय ते ठरवायचं."

"दुसरा उपाय नसला तर."

तुम्ही हसलात आणि हसताना खोकला आला. मला वाटलं तुम्ही मानलंत. आई आतून म्हणाली, "पोरगी म्हनती तर करू द्या की. जीव जाऊन राह्यला तुमचा अन् मोजायची पडली."

ऑफिसातलं हाताच्या दांडीनं फिरवायचं हिशेबाचं यंत्र तुमच्या चिठ्ठीवर मला घरी मिळालं, चादरीत गुंडाळून सायकलवर आणलं. ते ठेवायला आणि आलेखाचा मोठा कागद पसरायला एकच जागा होती, स्वयंपाकघर. चुलीच्या एका बाजूला आई भाकऱ्या थापते आहे, दुसऱ्या बाजूला मी मांडी घालून दांडी फिरवते आहे. आकडा बसवायचा, फिरवायचं, खर्र आवाज, उतरवून घ्यायचं. साठ-सत्तर चौकटी होत्या आणि प्रत्येकीला आठ शेजारी. कागदावर पीठ उडायचं, मी फुंकर मारायची. पाचव्या दिवशी आकडे पुरे झाले. किती सुंदर पृष्ठभाग होता तो, दादा. कुठं खाच नाही, खळगा नाही, गावाच्या उंचवट्यापासून नाल्यापर्यंत हळूहळू उतरत गेलेला.

आता जे लिहिते आहे ते तुम्हाला ठाऊक नव्हतं. सहाव्या दिवशी मी ताळा करून बघितला. तुम्ही प्रत्यक्ष मोजलेला, नाल्याच्या काठचा एक पॉइंट मुद्दाम बाजूला ठेवला आणि माहीत नाही असं समजून माझ्या रीतीनं काढला. माझी उंची तुमच्या उंचीपेक्षा ऐंशी सेंटिमीटर जास्त आली. मी पुन्हा केला. पुन्हा तेच. असं होणारच होतं. या रीतीनं काढलेली उंची भोवतालच्या सगळ्यात उंच आणि सगळ्यात खालच्या पॉइंटच्या मधेच कुठंतरी पडते. सगळ्यात खालच्याच्याही खाली ती जाऊच शकत नाही. म्हणजे ज्या खळग्यात कुणी पट्टी उभी केली नाही, तो खळगा माझ्या नकाशात येणं शक्यच नव्हतं. हे सिद्ध करायला दोन ओळी लागतात. त्या दोन ओळी मी परीक्षेत लिहिल्या होत्या आणि मला पुरे मार्क मिळाले होते. तरी मी स्वतःला समजावलं की नाला तो नाला, त्याचं वेगळं. वस्तीत कुठं नाला आहे. आई चूल पेटवत होती. तिनं तो ताळ्याचा कागद उचलून विचारलं, "हा लागतो का ग?" मी म्हटलं, "न्हाई लागत."

सातव्या दिवशी तुम्हाला उशीला टेकवून बसवलं आणि नकाशा मांडीवर ठेवला. तुमची बोटं काडीसारखी झाली होती. तुम्ही रेघेवरून बोट फिरवत आणलंत आणि वाड्यापाशी थांबलात.

"अक्काचं घर रेघेच्या किती वर आलं?"

"एक मीटर वीस."

"एवढं?" तुम्ही माझ्याकडं बघितलंत. "तिथं लवण हाय माय, खोलगट जागा. अक्काचं अन् तिच्या शेजारची पाच घरं लवणातच हायेत. नाल्याकडून एक ओघळ बी येती तिथं."

मी म्हटलं, "डोळ्याला लवण दिसतं, दादा. तुम्हीच सांगितलंय, उताराच्या बाबतीत डोळा बिलकुल खोटा."

तुमचं बोट रेघेवरच राहिलं. तुमच्या तोंडावर तेव्हा जे आलं ते मी चाळीस-पन्नास वर्षं उलटसुलट करून बघते आहे. त्यात शंका होती, पण त्याहून जास्त अभिमान होता. मुलीनं तुम्हाला तुमचाच धडा म्हणून दाखवला होता.

"बराबर बघितलंस ना?"

"बराबर."

तुम्ही पेन मागितलंत आणि सही केलीत. अंगात ताकद नव्हती, सही वाकडी गेली. तुमच्याकडून शिकल्यामुळं मला लेव्हल लावता येत होती. तुमचा खलाशी घरीच बसून होता. सकाळच्या एस.टी.नं निघून अर्ध्या दिवसात ती सहा घरं मोजून मी दुसऱ्या दिवशी परत आले असते. मला तसं सुचलंसुद्धा नाही असं मी पुढं वर्षानुवर्षं धरून चालले. सुचलं होतं. यंत्रावर आलेला आकडा जमिनीला विचारून बघायचा, याचा मला कमीपणा वाटला.

नकाशा पास झाला. साहेबांनी तुमच्याजवळ नकाशाची तारीफ केली. ताप उतरल्यावर पहिल्यांदा औरंगाबादला गेलात तेव्हा तुम्ही माझ्यासाठी चामड्याच्या म्यानातला स्लाइड रूल, हिशेबाची सरकती पट्टी, आणलात, त्या नकाशाचं बक्षीस म्हणून. आईला म्हणालात, "आपल्या तीन पिढ्यांत कुनी मोजलं न्हाई ते हिनं बसल्या जागी मोजलं." मी तो पुढं पंधरा वर्षं वर्गात वापरला.

बांध बांधायला आख्खं गाव होतं. आत्या आणि मामा दोघंही मातीच्या पाट्या वाहायचे. दुपारी कामावर खायला कोरडी सुकडी मिळायची, त्यातली थोडी आत्या फडक्यात बांधून आपल्याकडं पाठवायची. माझी औरंगाबादला कॉलेजात नेमणूक झाली. पहिली दोन वर्षं तलावात निम्म्याच्या वर पाणी आलं नाही. सगळे खूश होते, विहिरींना पाझर फुटला होता. तिसऱ्या वर्षी पोळ्यानंतर झड लागली आणि तलाव भरला.

त्या दिवसाचं मला जे माहीत आहे ते आत्याच्या तोंडून. सकाळी चांगलं ऊन पडलं होतं. पाऊस थांबून दोन दिवस झाले होते, त्यामुळं कुणाच्या मनात भीती नव्हती. पाणी ओघळीतून आलं, लोटा कलंडावा तसं, आवाज न करता. आधी न्हाणीत दिसलं, मग चुलीत. सहाही घरांतली माणसं सामान काढून वरच्या अंगाला नेऊ लागली. घाई नव्हती, दादा, हे आत्या पुन्हा पुन्हा सांगायची. माणसं बोलत होती, हसतसुद्धा होती, की तलाव बघायला जायला नको, तलावच आला. दुपारपर्यंत भांडी, धान्य, शेळ्या सगळं निघालं. मामा म्हणाले छपरावरचे पत्रे तेवढे काढून घेतो, नवेच आहेत. ते भिंतीवर चढले. मातीची भिंत खालून दोन हात भिजली होती. ती आतल्या अंगाला बसली आणि मामा तिच्याखाली. लोकांनी हातांनी माती उपसून काढलं तेव्हा ते बोलत होते. आपल्याकडं जालन्याला आणलं, दवाखान्यात तिसऱ्या दिवशी गेले.

मी आले तेव्हा तुम्ही दवाखान्याच्या व्हरांड्यात उकिडवे बसला होतात. मला बघून तुम्ही उठलात, बाजूला नेलंत आणि पहिलं वाक्य बोललात ते हे: "नकाशाचं कोनापाशी बोलू नको."

चौकशी लागली. तुमची बुकं मागवली. त्या तुकड्यात एकही पॉइंट नाही हे कुणालाही दिसत होतं. मी म्हटलं मी येते, सांगते मी केलं म्हणून. मी हे कसं म्हटलं तेही लिहिते: दारात उभी राहून, औरंगाबादच्या गाडीची वेळ झालेली असताना, पिशवी हातात धरून. तुम्ही म्हणालात, "तुझी नौकरी नवी हाय. सही माझी हाय. तू येऊन काय करणार?" आणि मी गाडी पकडली. गाडीत बसल्यावर मला हलकं वाटलं. त्या हलकं वाटण्याबद्दल मी स्वतःला कधी माफ केलेलं नाही, पण ते परत मिळालं असतं तर मी पुन्हा घेतलं असतं असंही कधी कधी वाटतं, म्हणून माफीचा विषय मी काढत नाही.

साहेबांनी विचारलं, "इथं पॉइंट नाहीत, मग रेघ कशी काढली?" तुम्ही सांगितलंत, "अंदाजानं काढली, साहेब." बस. माझी सत्तर चौकटींची कामगिरी तुम्ही एका शब्दात बसवलीत, आणि शब्द बरोबर होता. तुमचं फील्डवरचं काम काढून घेतलं. लेव्हल जमा करून घेतली. तुम्हाला नकाशांच्या खोलीत बसवलं, जिथं जुने कागद उन्हात घालायचे आणि झुरळाची पावडर टाकायची.

एकदाच तुम्ही मला बोललात. मी सुट्टीला आले होते, तुम्ही अंगणात दाढी करत होतात. आरसा खाली ठेवला आणि अर्ध्या साबणाच्या तोंडानं म्हणालात, "कोरं सोडायचं होतं माय." मला कळलं नाही. तुम्ही म्हणालात, "तेवढी जागा नकाशात कोरी सोडायची होती. कोरं दिसलं असतं तर कुनी तरी इचारलं असतं, कुनी तरी मोजायला गेलं असतं. तू भरून टाकलं अन् मंग कुनाला दिसलंच न्हाई." आवाज चढवला नाहीत. आरसा उचललात आणि उरलेली दाढी केलीत. मी पुढं तीस वर्षं हा विषय शिकवला आणि एकाही वर्गाला हे सांगितलं नाही. सांगितलं असतं तर हे कुठं शिकलात असं कुणीतरी विचारलं असतं.

तुम्ही बाकीच्या पाचही घरांना भेटायला गेलात, मला सोबत घेऊन. ती माणसं तेव्हा गायरानात, खडकाळ उंचवट्यावर, पत्रे आणि पोती लावून राहत होती. जागा मिळायला त्यांना आणखी चार वर्षं लागली. तुम्हाला बघून कुणी उठलं नाही. तुम्ही प्रत्येकाच्या पुढं जमिनीवर बसलात. तुम्ही म्हणायचात, "माझं चुकलं," आणि समोरचा माणूस दुसरीकडं बघायचा. एकजण म्हणाला, "आपला मानूस साहेब झाला म्हनून नाचलो आम्ही, भाऊ. दुसऱ्या कोनी केलं असतं तर दगड तरी मारला असता." शेवटच्या घरातल्या बाईनं पितळी तांब्या आणून तुमच्यापुढं ठेवला. "घ्या. तुमच्याच तलावाचं हाय." तुम्ही तांब्या उचललात आणि थेंब न सांडता सगळं पाणी प्यायलात. मी तुमच्या शेजारी होते. माझ्यापुढंही तिनं तांब्या धरला. ती मला म्हणाली, "तू पी माय, तुझा काय दोष?" आणि मीही प्याले.

त्यानंतर तुम्ही तीन वर्षं होतात. रस्त्यानं चालताना तुम्ही मधेच थांबायचात आणि उजवीकडं-डावीकडं बघायचात, हा रस्ता कुठं उतरतो ते ठरवत असल्यासारखे, आणि ठरत नसे. घरात पाण्याची बादली भरून वाहायला लागली तर उठून नळ बंद करायला जायचात नाही, बघत बसायचात. एका दुपारी नकाशांच्या खोलीत खुर्चीतच गेलात. पंचावन्न वर्षंसुद्धा पुरी झाली नव्हती. डॉक्टर म्हणाले हृदय. आई म्हणाली, "ते तवाच मेले होते, तुझ्या मामासंगं."

मामा गेल्यापासून आत्या आपल्याच घरी होती. पुढं आईही गेली, मग मी तिला औरंगाबादला माझ्याकडं नेलं. मी लग्न केलं नाही. आम्ही दोघी एकोणीस वर्षं एका घरात राहिलो. ती माझे डबे भरायची, मी पेपर तपासत बसले की दारात कुणाला येऊ द्यायची नाही. आणि रोज, दादा, जवळजवळ रोज, कुठल्या ना कुठल्या निमित्तानं ती सकाळ सांगायची. ऊन पडलं होतं. पाणी आधी न्हाणीत आलं. पत्रे नवे होते. मी वही तपासत ऐकायची. तिला वाचता येत नव्हतं, पण कानांना ती तरबेज होती. मी कधीही एक वाक्य बोलले असते तर तिला सगळं कळलं असतं. हे पत्र तुम्हाला पोचणार नाही हे मला समजतं. ज्यांना सांगितलं तर पोचलं असतं, ती आत्या आणि बाकीची पाच घरं, त्यांना मी सांगितलं नाही. आता त्या सहा घरांतलं मोठं माणूस कुणी उरलेलं नाही. म्हणून तुम्हाला लिहिते आहे, हे तुम्ही ओळखलंच असेल. तुम्हाला लिहिणं सगळ्यात सोपं होतं.

एकच राहिलं आहे. आत्या जायच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट. दुपारची वेळ, मी तिच्या केसांना तेल लावत होते. केस कसले, मूठभर राहिले होते. ती म्हणाली, "लई चांगला होता माझा भाऊ. लहानपनी माझ्यासाठी मार खायचा. पर त्या येळंला त्यानं बराबर मोजलं न्हाई. कसं चुकला असंल ग त्यो?" मी फणी फिरवत राहिले. तिनं मान मागं वळवायचा प्रयत्न केला आणि विचारलं, "त्याचंच चुकलं ना ग माय?"

घरात आम्ही दोघीच होतो. मी म्हणाले, "हो आत्या, दादांचंच चुकलं."